ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

आमच्या मातोश्रींना गेली काही वर्षे ऐकू फारच कमी येते. समोरचा माणूस काय म्हणतो हे त्या निम्मे कानांनी आणि निम्मे डोळ्यांनी समजून घेतात. बोलणाऱ्याच्या ओठांकडे त्या एकटक पाहत राहतात आणि कानांतून जे निसटते ते ओठांवरून वेचतात. म्हणून घरात कोणीही त्यांच्याशी पाठमोरे बोलत नाही.

आमच्या धाकट्या बहिणीचा विवाह १९९८ च्या मे महिन्यात आमच्या गावच्या चर्चमध्ये झाला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे शहरातून कॅमेरेवाला बोलावून सारा समारंभ व्हीएचएस कॅसेटवर उतरवून घेतला होता. जेवणाच्या वेळी आमचे वडील मांडवात उभे राहिले आणि जावयांना उद्देशून चार शब्द बोलले. वडील २००३ साली देवाघरी गेले. त्यांचा आवाज त्या कॅसेटीखेरीज दुसरीकडे कोठेही नाही. पुढे २००९ साली कॅसेट खराब होईल ह्या भीतीने आम्ही एका दुकानातून तिची डीव्हीडी करून आणली, पहिली पाच मिनिटे लावून पाहिली, आणि समाधानाने कपाटात ठेवून दिली.

२०२३ च्या मे महिन्यात बहिणीच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात ती तबकडी सर्वांसमक्ष लावली. चर्चमधील विधी ठीक दिसला. परंतु वडील बोलावयास उभे राहिले तेव्हा मोठी चमत्कारिक गोष्ट घडली. त्यांचे ओठ हलू लागले तरी आवाज येईना. आणि आवाज आला तेव्हा ते पहिले वाक्य संपवून दुसऱ्यात शिरले होते. मुले हसली. मातोश्री मात्र थोडा वेळ निरखून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ते काय बोलतात ते मला कळत नाही रे. तोंड त्यांचे आहे, पण शब्द भलतेच येतात." आणि त्या उठून आत गेल्या.

त्या रात्री आम्ही व आमचा एकोणीस वर्षांचा भाचा संगणकासमोर बसलो. महोत्सवास सहा दिवस उरले होते. त्या सहा दिवसांत जे शिकलो ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण अशा कॅसेटी व अशा तबकड्या आपल्या बहुतेक घरांत आहेत, आणि त्यांत बोलणारी कितीतरी माणसे आता हयात नाहीत.

प्रथम हा दोष का उद्भवतो ते पाहू. मूळ कॅसेटमध्ये चित्र व आवाज एकाच फितीवर नोंदलेले असतात. फीत सरकली की दोन्ही बरोबरच सरकतात. परंतु तीच कॅसेट संगणकात उतरविताना चित्र एका वाटेने येते व आवाज दुसऱ्या वाटेने येतो. पुष्कळदा ह्या दोन वाटांवर दोन निराळी घड्याळे वेळ मोजीत असतात. आपल्या देशातील पद्धतीत चित्रे सेकंदाला २५ असतात. आवाजाचे सूक्ष्म तुकडे करून प्रत्येकाचे माप घेतात; डीव्हीडीसाठी अशी मापे नेहमी सेकंदाला ४८,००० घेतली जातात. एका बाजूचे मोजमाप चुकले की चित्र व आवाज यांची फारकत झालीच म्हणून समजावे.

ही फारकत आपल्याला किती खुपते? रानात दूरवर कोणी लाकूड फोडीत असेल तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते व घाव मागाहून ऐकू येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे ३४ मीटरांवरचा घाव सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका उशिरा कानी पडतो. ह्या अनुभवामुळे आवाज किंचित मागे राहिला तर मन ते सोसते. पण आवाज चित्राच्या पुढे धावला तर ते लगेच दचकते, कारण सृष्टीत तसे कधी घडत नाही. युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने ह्यासाठी मर्यादा घालून दिली आहे. आवाज चित्राच्या ४० सहस्रांश सेकंदांहून अधिक पुढे नसावा व ६० सहस्रांश सेकंदांहून अधिक मागे नसावा. आपल्या पद्धतीत एका चित्राचा काळ ४० सहस्रांश सेकंद भरतो, म्हणजे सारा खेळ एकदीड चित्राचा आहे. आमच्या तबकडीत वडिलांचा आवाज पूर्ण ३ सेकंद मागे, म्हणजे ७५ चित्रे मागे होता.

आता आमच्या चुका सांगतो, कारण त्यांतूनच खरा धडा मिळाला.

भाच्याने पहिल्याच रात्री सारा आवाज ३ सेकंद पुढे ओढला. वडिलांचे बोलणे ओठांशी जुळले आणि आम्हांला वाटले, काम फत्ते झाले. सकाळी तबकडी आरंभापासून लावली तो चर्चमध्ये फादरांचा प्रश्न पुरा होण्यापूर्वीच वधूचा होकार ऐकू आला! जे ठीक होते ते आम्ही बिघडविले होते.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, आरंभी फरक नाही आणि शेवटी ३ सेकंदांचा आहे, म्हणजे आवाज हळूहळू मागे पडत गेला असणार. आपण सारा आवाजच थोडा आखडून घेऊ." चित्रफीत १ तास ३५ मिनिटांची होती. तेवढ्या आवाजातून ३ सेकंद सारख्या प्रमाणात कमी केले. आरंभ जुळला व शेवटही जुळला, पण मध्ये वधूवर चर्चच्या पायऱ्या उतरतात तेथे आवाज जवळजवळ सेकंदभर पुढे धावू लागला, आणि वडिलांचे बोलणे अजूनही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मागेच राहिले. ओठांवरून शब्द वेचणाऱ्या म्हातारीला तेवढा फरकही पुरे आहे.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही रोग न ओळखताच औषध देत होतो. तापाचे कारण न पाहता गोळ्या बदलीत राहण्यासारखेच ते झाले. चित्र व आवाज यांच्या फारकतीचे तीन निराळे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिला प्रकार सारख्या फरकाचा. आरंभी आवाज जितका मागे वा पुढे असतो तितकाच मध्ये व तितकाच शेवटी असतो. चित्र व आवाज यांचा आरंभ एकाच क्षणी धरला गेला नाही, एवढाच ह्याचा अर्थ. ह्यावर आवाज तेवढाच सरकविणे हा पुरेसा उपाय आहे. अॅव्हिडीमक्स नावाच्या मोफत मिळणाऱ्या साधनात आवाज किती सहस्रांश सेकंद सरकवावयाचा तो आकडा लिहिण्याची सोय आहे.

दुसरा प्रकार वाढत्या फरकाचा. आरंभी सर्व ठीक असते आणि पुढे फरक सारख्या गतीने वाढत जातो. हा दोन घड्याळांतील तंटा होय. एक घड्याळ दुसऱ्याहून दहा हजारांत एक भागाने जरी मंद असले तरी तासाभरात सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अंतर पडते. परदेशांतून आलेल्या चित्रफितींत हा दोष दुसऱ्याच कारणाने येतो. अमेरिकेच्या पद्धतीत चित्रे सेकंदाला २९.९७ असतात, ती कोणी पुरी ३० धरली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. ह्यावर सारा आवाज त्याच प्रमाणात ताणणे किंवा आखडणे हा उपाय आहे. ऑडॅसिटी ह्या मोफत साधनात आवाजाची पट्टी न बदलता त्याची लांबी बदलता येते. तसे न केल्यास पुरुषाचा आवाज पोरकट होण्याचे भय असते.

तिसरा प्रकार उडीचा. काही वेळ सर्व ठीक चालते, मग एका ठिकाणी एकदम अंतर पडते व पुढे ते तसेच राहते; कदाचित आणखी एका ठिकाणी पुन्हा उडी बसते. जुन्या कॅसेटींचा रोग बहुधा हाच असतो. फीत जेथे झिजली, चुरगळली किंवा बुरशीने धरली असेल तेथे यंत्राला चित्र नीट वाचता येत नाही. संगणक काही चित्रे गाळून पुढे जातो, पण आवाज मात्र अखंड येत राहतो. चित्र आखूड होते, आवाज तेवढाच राहतो, आणि त्या ठिकाणापासून पुढे आवाज मागे पडतो.

आमच्या तबकडीचा रोग ह्यांपैकी कोणता, हे ओळखण्यासाठी तिसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन बसलो. जेथे एखादी गोष्ट डोळ्यांना दिसते आणि त्याच क्षणी तिचा आवाज होतो अशी ठिकाणे शोधावयाची होती. टाळी, पेल्यावर पेला आपटणे, ढोलावरची काठी, मोटारीचे दार लावणे, ही उत्तम ठिकाणे. मात्र ती कॅमेऱ्याजवळची असावीत. आम्ही प्रथम चर्चच्या मनोऱ्यावरील घंटेचा आधार घेतला आणि फसलो. घंटा दूर असल्याने तिचा नाद मुळातच उशिरा नोंदला गेला होता. अशी बारा ठिकाणे टिपून प्रत्येकापुढे वेळ व फरक लिहिला, तेव्हा रोग आपोआप कागदावर उमटला. ३१ व्या मिनिटापर्यंत फरक शून्य. तेथून पुढे १.२ सेकंद, आणि १ तास ४ मिनिटांनंतर पूर्ण ३ सेकंद. उड्या दोन होत्या, एक ३० चित्रांची व दुसरी ४५ चित्रांची. त्या दोन्ही जागी चित्र क्षणभर अडखळून पुढे उडी घेत होते, हे आता आम्हांला दिसले. त्यापूर्वी अनेकदा पाहूनही ते आम्हांला दिसले नव्हते.

ह्या प्रकारावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे कॅसेट पुन्हा नीट उतरविणे. प्रथम यंत्राचे वाचणारे डोके स्वच्छ करावे, कॅसेट एकदा पूर्ण पुढे व एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यावी, आणि उतरविताना संगणकावर दुसरे कोणतेही काम चालू ठेवू नये. किती चित्रे गळाली हा आकडा बहुतेक साधने दाखवितात. तो शून्य राहील असे पाहावे. परंतु आमच्याजवळ कॅसेट होती, यंत्र नव्हते. असे यंत्र बनविणारी जपानमधील फुनाई ही अखेरची कंपनी समजली जात असे, आणि तिनेही २०१६ च्या जुलै महिन्यात ते काम थांबविले. म्हणून चालते यंत्र आज शेजारीपाजारी सहजासहजी मिळत नाही. ज्यांच्याकडे ते अद्याप आहे त्यांनी हे काम पुढे ढकलू नये, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

आम्हांला तबकडीवरूनच दुरुस्ती करावी लागली. ती येणेप्रमाणे केली. तबकडीवरील मजकूर संगणकात उतरविला. डीव्हीडीमध्ये तो एकेका जीबीपर्यंतच्या तुकड्यांत असतो. हे तुकडे क्रमाने व योग्य साधनाने जोडले नाहीत तर सांध्यांवर नवीच फारकत होते, म्हणून येथे घाई करू नये. त्यानंतर चित्र व आवाज वेगळे केले. चित्राला हात लावला नाही, कारण ते पुन्हा दाबून बसविले म्हणजे आधीच पुसट झालेले चेहरे अधिक पुसट होतात. आवाज ऑडॅसिटीत उघडला. ३१ व्या मिनिटाला वधूवर बाहेर पडत असताना बँड वाजत होता; तेथला १.२ सेकंदाचा तुकडा कापला. दुसऱ्या जागी पंगतीचा गलका होता, तेथून १.८ सेकंदाचा तुकडा काढला. कोणाचे बोलणे तोडले जाऊ नये म्हणून दोन्ही जागा आधी पाच-सहा वेळा ऐकून पाहिल्या. बँडच्या सुरात बारीकसा ठेचका बसतो, पण चित्रही तेथेच ठेचकाळते, त्यामुळे तो कोणास जाणवत नाही. मग आवाज व चित्र पुन्हा एकत्र करून डीव्हीडीस्टाइलर ह्या मोफत साधनाने नवी तबकडी केली. मूळ तबकडी व कॅसेट तशीच जपून ठेवली; दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी, मुळावर कधीही करू नये.

वाचकांच्या घरी कॅसेट नसून दुसऱ्या प्रकारची नोंद असेल तर आणखी काही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. साधारण २००० सालच्या आसपास घरोघरी आलेल्या लहान डिजिटल कॅमेऱ्यांत आवाज नोंदविण्याच्या दोन रीती असत. एकीत मापे सेकंदाला ४८,००० व दुसरीत ३२,००० घेतली जात. दुसऱ्या रीतीने नोंदलेला आवाज डीव्हीडीस देण्यापूर्वी ४८,००० च्या मापात बदलून घ्यावा लागतो. एकाच चित्रफितीत दोन्ही रीतींची मिसळ झाली तर गोंधळ ठरलेलाच. आजच्या मोबाइल फोनचा दोष निराळा आहे. उजेड कमी झाला की पुष्कळ फोन सेकंदाला घ्यावयाच्या चित्रांची संख्या आपणहून कमी करतात व उजेड आला की वाढवितात. डीव्हीडीला असे चढउतार चालत नाहीत. म्हणून फोनवरील चित्रफीत प्रथम हँडब्रेकसारख्या साधनाने एकाच स्थिर गतीची, आपल्यापुरती २५ चित्रांची, करून घ्यावी आणि मगच तबकडीस हात घालावा.

आणखी एक सावधगिरी. तबकडी करणाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपला दूरदर्शनसंच तपासावा. नवे संच चित्र सुबक करण्यासाठी ते क्षणभर रोखून धरतात. आवाज वेगळ्या स्पीकरांतून घेतलेला असेल तर तो आधी येऊन पोहोचतो. बाजारातील एखाद्या चित्रपटाची चांगली तबकडी लावून पाहावी. तिच्यातही ओठ व आवाज जुळत नसतील तर दोष संचात आहे, आणि तो संचाच्या किंवा स्पीकरांच्या मांडणीतच दूर करावा. निरोगी तबकडीवर उपचार करू नयेत.

पुढे ज्यांच्या घरी बाप्तिस्मा, लग्न किंवा वाढदिवस होईल त्यांना एक फुकटचा उपाय सांगतो. चित्रण सुरू होताच कोणीतरी कॅमेऱ्यासमोर उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवावी, आणि चित्रण थांबविण्यापूर्वी पुन्हा एक वाजवावी. बोलपटांच्या चित्रीकरणात फळीवर फळी आपटतात ती ह्याचसाठी. दोन टाळ्या असल्या की फरक सारखा आहे की वाढता आहे हे एका मिनिटात कळते. आमच्या कॅसेटीत त्या असत्या तर आमच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

आज ह्या तबकड्यांचा जमाना ओसरला, हे आम्ही जाणतो. म्हणून दुरुस्त झालेली चित्रफीत संगणकावर व एका वेगळ्या डिस्कवरही ठेवावी, आणि दूर असलेल्या भावाबहिणींकडे एकेक प्रत पाठवावी. एकाच कपाटात ठेवलेली गोष्ट कपाटाबरोबरच जाते. तरी तबकडी करावयाचीच असेल तर ती नीट करावी. घरच्या वडीलधाऱ्यांना तीच ओळखीची असते.

महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मातोश्रींना संचासमोर बसविले. ह्या वेळी इतरांना बोलावले नव्हते. वडील उभे राहिले, त्यांनी हातातला पेला खाली ठेवला, आणि पेल्याचा आवाज त्याच क्षणी आला. मातोश्री पुढे वाकल्या. वडील जावयांना म्हणत होते की, आमच्या घरात ही मुलगी एकदाही उपाशी पोटी रुसून निजली नाही. एवढे एक तुम्ही सांभाळा, बाकीचे आम्ही काही मागत नाही. मातोश्रींचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलत होते. बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, "रुसून निजली नाही, असे म्हणाले होय! मी इतकी वर्षे समजत होते की रडून निजली नाही." आणि थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव."

आम्ही पुन्हा लावली.